कागद चारचौघांत मांडावा



आपल्याकडे जुन्या घरांत माळ्यावर एखादे गाठोडे असते. लाल नाही तर पांढऱ्या रुमालात बांधलेले, वर धुळीचा थर, आत मोडी अक्षरांचे कागद. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारावे, "हे काय आहे हो?" तर उत्तर येते, "दप्तर आहे. हात लावू नका." कोणाला वाचता येत नाही, पण कोणाला दाखवायचेही नाही. हे दाखवायचे नाही, असे का? आणि ज्यांनी दाखवले, त्यांच्यामुळे आपल्याला काय मिळाले? या दोन प्रश्नांभोवती आजचे बोलणे आहे.

इतिहास संशोधन म्हटले की बंद खोली, जाड चष्मा आणि पुस्तकांचे ढीग डोळ्यांपुढे येतात. पण महाराष्ट्रात इतिहासाचे संशोधन वाढले ते निराळ्या रीतीने. ते सभेत वाढले. कागद मिळाला की तो चारचौघांत वाचायचा, कुठे मिळाला ते सांगायचे, जसाच्या तसा छापायचा, आणि मग ज्याला शंका असेल त्याने उठून विचारायचे, असा तो रिवाज होता. अलीकडे जगभरची विद्यापीठे 'खुले संशोधन' या नावाने याच गोष्टीचा आग्रह धरीत आहेत. आपल्या वडीलधाऱ्यांनी ती शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या ऐपतीप्रमाणे करून पाहिली. कशी, ते पाहू.

सुरुवात एका इंग्रज अधिकाऱ्यापासून करावी लागते. पेशवाई १८१८ साली बुडाली. त्यानंतर कॅप्टन ग्रँट डफ हा साताऱ्याला चार वर्षे होता. हाताशी सत्ता होती, त्यामुळे त्याला दप्तरे पाहायला मिळाली, सरदारांकडचे कागद मिळाले. त्याने मेहनत केली आणि १८२६ साली मराठ्यांचा इतिहास तीन भागांत प्रसिद्ध केला. त्याचे मराठी भाषांतर 'मराठ्यांची बखर' या नावाने आपल्या शाळांतून चालले. म्हणजे आपल्याच आजोबा-पणजोबांची हकीकत आपली मुले डफसाहेबाच्या तोंडून शिकू लागली. डफ वाईट लिहीत होता असे नव्हे. त्याने आपल्या टिपांत कोणत्या हस्तलिखिताचा आधार घेतला हेही लिहिले आणि काहींच्या नकला मुंबईच्या लिटररी सोसायटीत ठेवल्याचे नमूद केले. पण पुढे आपले अभ्यासक त्या नकला शोधू लागले, तेव्हा त्या मिळेनात. आता सांगा, आधारच पाहायला मिळाला नाही, तर डफ बरोबर की चूक हे ठरवायचे कशावरून? नुसता विश्वास ठेवायचा, की नुसता राग धरायचा?

पुण्यातल्या एका विद्यार्थ्याने तिसरी वाट धरली. त्याचे नाव नीळकंठ जनार्दन कीर्तने. १८६७ साली पुण्याच्या तरुणांच्या एका सभेत त्याने डफच्या ग्रंथावर टीका करणारा निबंध वाचला. डफने कोणती साधने घेतली, कोणती सोडली, कुठे घाईने निर्णय दिला, याची ती छाननी होती. तो निबंध पुढे 'विविधज्ञानविस्तार' या मासिकात छापला गेला. लक्षात घ्या, हातात पदवी नाही, सत्ता नाही, दप्तरखान्याची किल्ली नाही असा तो मुलगा. त्याच्याजवळ काय होते? एक सभा होती आणि ऐकून घेणारी माणसे होती. मराठीतल्या चिकित्सक इतिहासलेखनाचा आरंभ अशा एका जाहीर वाचनात झाला, ही गोष्ट शिक्षकांनी तरी विसरू नये.

पण नुसत्या टीकेने भागत नाही. डफच्या पुढे जायचे तर कागद पाहिजेत, आणि ते सर्वांच्या हाती पाहिजेत. म्हणून १८७८ साली 'काव्येतिहाससंग्रह' हे मासिक निघाले. काशिनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर ही मंडळी त्यामागे होती. जुन्या बखरी, पत्रे, काव्ये दर महिन्याला थोडी थोडी छापून लोकांपुढे ठेवायची, असा त्यांचा क्रम. मिरजेला वासुदेवशास्त्री खरे हे हायस्कुलात संस्कृतचे शिक्षक होते. त्यांनी पटवर्धन सरदारांच्या दप्तरातली पत्रे निवडून १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' काढायला सुरुवात केली. शाळेची नोकरी सांभाळायची, रात्री मोडी कागद वाचायचे, आणि खंडामागून खंड छापायचे. असे बारा खंड त्यांच्या हयातीत निघाले. साने शिक्षण खात्यातले, खरे शाळामास्तर. या कामाचा पहिला भार ज्यांनी वाहिला त्यांत मास्तर मंडळी फार होती, हे मुद्दाम सांगतो.

आता विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्याकडे येऊ. राजवाड्यांचे नाव घेतल्याशिवाय ही कथा पुरी होत नाही. त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला. १७५० ते १७६१ या काळातली, म्हणजे पानिपतापर्यंतची पत्रे त्यात होती. पुढे या मालेचे एकंदर बावीस खंड झाले. हे सगळे त्यांनी कसे जमवले? पायी हिंडून. आज या गावी, उद्या त्या गावी. स्वतःच्या हाताने स्वयंपाक करायचा, मिळेल तिथे पथारी टाकायची, आणि वाड्यावाड्यांतून, मठांतून, देवळांतून कागदांची चौकशी करायची. कुठे वाळवीने दप्तर खाल्लेले, कुठे माळा गळून कागदांचा लगदा झालेला, कुठे वाण्याच्या दुकानी पुड्या बांधायला गेलेले. जे हाती लागेल ते वाचवायचे.

आणि कुठे कुठे दारच बंद. आता त्या दार लावणाऱ्यांना हसू नका. त्यांच्या भीतीला कारण होते. इंग्रज सरकारने १८५२ साली इनामांच्या चौकशीचा कायदा केला. इनाम कमिशन गावोगाव फिरले. सनद दाखवा, नाही तर जमीन सोडा, असा तो मामला. ज्यांचा कागद हरवला होता, फाटला होता, किंवा साहेबाला पटला नाही, त्यांची इनामे गेली. एकदा हात पोळल्यावर माणूस कागद कशाला दाखवील? आजोबाने नातवाला बजावले, नातवाने पणतवाला. इनाम कमिशन गेले, इंग्रजही गेला, पण "हात लावू नका" हे वाक्य घरात राहिले. माळ्यावरच्या त्या गाठोड्याचे कोडे हे असे आहे.

मग राजवाडे आणि त्यांचे सहकारी लोकांचा विश्वास कसा मिळवीत? त्यांच्याजवळ हुकूम नव्हता, पैसा नव्हता. त्यांच्याजवळ एकच गोष्ट होती. कामाची उघड रीत. साधनांचा खंड उघडून पाहा. प्रत्येक पत्राला 'लेखांक' म्हणून क्रमांक आहे. मजकूर जुन्या भाषेत, जसा आहे तसा आहे. कागद फाटला असेल, अक्षर गेले असेल, तिथे टिंबे दिली आहेत, मनाने शब्द भरलेला नाही. पत्रे एका बाजूला, आणि राजवाड्यांचे स्वतःचे मत प्रस्तावनेत, दुसऱ्या बाजूला. ही वाटणी फार मोलाची आहे. राजवाड्यांची मते तिखट होती. त्यांतली कित्येक आज कोणी मानीत नाही. पण त्यांनी छापलेली पत्रे आजही उपयोगी पडतात, कारण मत आणि पुरावा यांची त्यांनी खिचडी केली नाही. ज्याला राजवाड्यांशी भांडायचे असेल, त्याला लागणारी हत्यारे राजवाड्यांनीच छापून ठेवली आहेत!

एकट्या माणसाने किती हिंडावे? ७ जुलै १९१० रोजी पुण्यात मेहेंदळ्यांच्या वाड्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. राजवाडे आणि सरदार खंडेराव मेहेंदळे हे तिचे संस्थापक. मंडळाने एक पद्धत पाडली, तिचे नाव पाक्षिक सभा. दर पंधरवड्याला जमायचे. कोणाला एखादे पत्र सापडले, कोणाला नाणे, कोणाला ताम्रपट, कोणाला एखाद्या देवळाच्या पायरीवरचा शिलालेख. त्याने तो सभेपुढे मांडायचा, त्यावरचे टिपण वाचायचे, आणि बाकीच्यांनी शंका विचारायच्या. वर्षातून संमेलन भरायचे आणि सभांत वाचलेले लेख वार्षिक इतिवृत्तांत, संमेलनवृत्तांत, पुढे त्रैमासिकात छापून यायचे. बोलणारा मोठा प्रोफेसर असो की खेड्यातला हौशी माणूस, कागद दोघांनाही दाखवावा लागे.

या रीतीचा उपयोग काय, हे एका उदाहरणावरून सांगतो. ते सर्वांच्या जिव्हाळ्याचे आहे. शिवाजी महाराजांचा जन्म केव्हा झाला? जुन्या बखरींच्या आधारे शके १५४९, म्हणजे इ. स. १६२७ हे साल पुष्कळ काळ धरले जात होते. पण बखरी मागाहून लिहिलेल्या, आणि त्यांचा आपसांत मेळ नाही. भोरकडच्या कारी गावचे जेधे देशमुख म्हणजे महाराजांच्या विश्वासातल्या कान्होजी जेध्यांचे घराणे. त्या घरात एक शकावली होती. शकावली म्हणजे सालवार, तिथीवार घडलेल्या गोष्टींची टिपणे. जेध्यांनी ती लोकमान्य टिळकांच्या हाती दिली, आणि टिळकांनी १९१६ साली ती मंडळाच्या संमेलनवृत्तात प्रसिद्ध केली. त्या शकावलीत महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया असा दिलेला होता. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. जवळजवळ तीन वर्षांचा फरक!

आता गंमत पाहा. टिळकांसारखा माणूस सांगतो आहे, तेव्हा विषय संपला, असे झाले नाही. वाद झाला, आणि तो होणे योग्यच होते. एका घरातल्या एका टिपणावर एवढी मोठी तारीख कशी बदलायची? पण शकावली छापलेली होती, म्हणून प्रत्येकाला ती तपासता आली. तिच्यातल्या इतर तिथी जंत्रीशी ताडून पाहता आल्या. पुढे तंजावरच्या ग्रंथसंग्रहातले कवींद्र परमानंदाचे 'शिवभारत' हे संस्कृत काव्य १९२७ साली मंडळाने प्रसिद्ध केले. हा कवी खुद्द महाराजांच्या काळातला. त्यातही शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीयाच निघाली. राजस्थानात जोधपूरकडच्या जुन्या कुंडल्यांच्या संग्रहात महाराजांची कुंडली मिळाली. तिचीही तिथी तीच. एक पुरावा कारीचा, एक तंजावरचा, एक जोधपूरचा. तिघांची एकमेकांशी गाठ नाही, तरी तिघे एकच सांगतात. अशा वेळी पुरावा भक्कम होतो. अखेर २००१ साली महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख अधिकृत म्हणून स्वीकारली. टिळकांनी शकावली छापल्यापासून मोजले तर ८५ वर्षे गेली. आजही कोणी तारखेने उत्सव करतात, कोणी तिथीने. पण जेध्यांनी ते टिपण माळ्यावरच ठेवले असते तर? किंवा टिळकांनी नुसते "मला कागद मिळाला आहे, माझ्यावर विश्वास ठेवा" असे म्हटले असते तर? इतर पुरावे निघाले तेव्हा ते कशाशी ताडून पाहिले असते?

याच्या उलट एक उदाहरण घ्या. पेशव्यांचे प्रचंड दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले. जमिनींचे दावे निकालात काढायला ते सरकारला उपयोगी पडे, म्हणून ते सरकारने पुण्यात जपून ठेवले, पण कुलपात. एखाद्या न्यायमूर्ती रानड्यांसारख्याला आत डोकावता आले. बाकीच्या अभ्यासकांना दार बंद. राजवाडे गावोगाव हिंडून चिटोऱ्या गोळा करीत होते, तेव्हा पुण्यातच हजारो रुमाल बांधून पडलेले होते! १९२६ साली धुळ्याला राजवाडे वारले, तोवरही ते अभ्यासकांना खुले नव्हते. त्यानंतर रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यातल्या निवडक कागदांचे ४५ भाग १९३० ते १९३४ या वर्षांत निघाले. तेच दप्तर आज पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे आणि अभ्यासकाला रीतसर अर्ज करून पाहता येते. पण मधली शंभर वर्षे गेली ती गेली. या काळात लिहिलेली किती पुस्तके अर्ध्या माहितीवर उभी राहिली असतील, याचा विचार करा. कागद वाळवीने खाल्ला काय आणि कुलपात राहिला काय, वाचणाऱ्याला सारखेच.

कोणी म्हणेल, हे सगळे पुण्याचे झाले, आमच्या खेड्याचा यात काय संबंध? संबंध जवळचा आहे. पुरावा चारचौघांत मांडण्याची रीत मुळात गावचीच. वतनाचा वाद पडला की जुन्या काळी गोतसभा भरे. पाटील, कुळकर्णी, बलुतेदार, आजूबाजूच्या गावचे लोक, देशमुख-देशपांडे जमत. वादी-प्रतिवादी आपले कागद आणि साक्षी सर्वांपुढे मांडत. निर्णय झाला की महजर लिहिला जाई, आणि त्यावर हजर असलेल्यांची नावे पडत. अक्षरओळख नसलेला पाटील नांगराची निशाणी करी आणि बलुतेदार आपापल्या अवजाराची खूण काढी. त्यांत बनावट कागदही येत, आणि ते ओळखणारेही त्या सभेतच बसलेले असत. गोतसभेला गोड गोड रंग देण्याचे कारण नाही. तिथे बायकांना आणि गावकुसाबाहेरच्यांना बोलायला किती जागा होती, हे आपण जाणतो. पण कागद उघडा करा, साक्ष सर्वांसमक्ष द्या, हे तत्त्व आपल्या मातीतले आहे, एवढे खरे.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना माझे एक सांगणे आहे. आपल्या गावात, शाळेच्या वर्गात किंवा देवळाच्या सभामंडपात, वर्षातून एखादा दिवस जुन्या कागदांसाठी ठेवा. मोडी वाचणारा माणूस बोलवा. पुण्याचे मंडळ, पुराभिलेख खाते आणि इतरही संस्था मोडीचे वर्ग घेतात, त्यांतून शिकून गेलेली तरुण मुले आता जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. नवशिक्याला कामाची ओळख करून देणारे 'संशोधकाचा मित्र' हे ग. ह. खरे यांचे पुस्तक शाळेच्या संग्रही असावे. खरे मंडळात आयुष्यभर राबले आणि आपली सारी युक्ती त्यांनी दुसऱ्यांना शिकवून टाकली.

त्या दिवशी करायचे काय? पहिली गोष्ट, कागद मालकाच्या डोळ्यांदेखत उघडायचा आणि त्याच दिवशी त्याच्या हाती परत द्यायचा. नेतो म्हणायचे नाही. हल्ली मोबाइलवर छायाचित्र निघते, त्यामुळे नेण्याची गरजही नाही. छायाचित्र पाठपोट घ्या. कडा, शिक्के, मोर्तब सगळे दिसले पाहिजे. दुसरी गोष्ट, फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नका, अक्षर पुसट झाले म्हणून शाईने गिरवू नका, पाण्याने पुसू नका. तिसरी गोष्ट, वहीत टिपून ठेवा. कागद कोणाकडचा, कोणत्या गावचा, केव्हा पाहिला, कोणी वाचला. जे अक्षर लागले नाही तिथे टिंबे द्या. अंदाज असेल तर 'अंदाज' असे लिहा. चौथी गोष्ट, मालकाला आधी विचारा की हे सर्वांपुढे वाचायचे का, आणि नको म्हणाला तर मान द्या. त्याची संमती हा कामाचा पाया आहे. आणि शेवटची गोष्ट, वाचून झाल्यावर शंका विचारू द्या. पोराने विचारली तरी "तू गप्प बस" म्हणू नका. कीर्तनेही विद्यार्थीच होते.

यात एक अडचण आहे, ती लपवीत नाही. उघडलेला कागद नेहमी आपल्याला हवे तेच बोलेल असे नाही. आपण समजतो आपला पूर्वज मोठा शूर सरदार होता, आणि कागदात निघते की तो सावकाराचा देणेकरी होता. आपण समजतो ही जमीन आपली अनादि काळापासूनची, आणि महजर सांगतो की दुसऱ्या कोणाकडून आली. कुठे एखाद्या जातीवर झालेला अन्याय स्पष्ट अक्षरांत लिहिलेला सापडतो. अशा वेळी मनाला लागते. कागद पुन्हा गुंडाळून ठेवावासा वाटतो, किंवा निवडक तेवढेच वाचावेसे वाटते. परीक्षा असते ती इथे. सोयीचा कागद तर कोणीही दाखवतो. गैरसोयीचाही दाखवला, तरच आपल्या सोयीच्या कागदावर दुसरा विश्वास ठेवील.

आज भ्रमणध्वनीवर रोज इतिहासाच्या नावाने काय काय फिरते, ते आपण पाहतोच. अमक्याने असे केले, तमक्याने तसे केले. वाचून रक्त तापते. अशा वेळी आपल्या विद्यार्थ्याने एवढे तीन प्रश्न विचारावेत. हा कागद कुठे आहे? तो पूर्ण छापला आहे का? तो आणखी कोणी तपासला आहे का? तिन्हींची उत्तरे मिळाली तर ऐकावे. न मिळाली तर पुढे पाठवू नये. ही तीन वाक्ये फळ्यावर लिहून ठेवली, तरी गावातली पुष्कळ भांडणे टळतील.

राजवाडे गेल्यावर अवघ्या काही दिवसांत, १९२७ च्या आरंभी, धुळ्याला त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले, आणि त्यांचे कागद तिथे जपले गेले. फाटके धोतर नेसून गावोगाव हिंडणाऱ्या माणसाचे हे खरे स्मारक. पुतळ्याला हार घालायला वर्षातून एक दिवस पुरतो. या स्मारकाला मात्र रोज नवे वाचणारे लागतात. तेव्हा येत्या सुट्टीत घरातल्या वडीलधाऱ्यांची परवानगी घ्या, माळ्यावर चढा, ते गाठोडे हळूच खाली उतरवा आणि कोरड्या, स्वच्छ जागी सोडा. नंतर शेजारच्या दोघा-चौघांना हाक मारा. एकट्याने वाचू नका.